पलंगाखालचं गाणं

प्रिय घाईबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते जिन्यातच, एका हातात किल्ली धरून फाडणार हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते : मी ठीक आहे, गोळी वेळेवर घेते, गुडघे होते तसेच आहेत आणि गॅस बंद करूनच झोपते. आता आत जा, पायातलं काढ, पाणी पी आणि बसून वाच. उभ्याने जेवतेस तेवढं पुरे, उभ्याने वाचू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपण दोघी काय बोलतो ते आठव. तू विचारतेस, "आई, बरं आहे ना?" मी म्हणते, "बरं आहे. तुझं?" तुझंही बरंच असतं. मग हवेवर बोलणं होतं. मग तुझ्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला आलेला कुणीतरी आडदांड माणूस सुई बघूनच आडवा झालेला असतो, ते तू सांगतेस, मी हसते, आणि दोघी एकदमच म्हणतो, "ठेवू का?" हल्ली तर तू बोलता बोलता थांबतेस. मला वाटतं लाइन गेली, मी "हॅलो, हॅलो" करते, आणि तू म्हणतेस, "आहे आई, आहे मी." ओठांवर आलेलं काहीतरी गिळतेस तू. मी काही तुला जन्म दिलेला नाही, पण एका ओट्याशी इतकी वर्षं उभ्या राहिलो आपण, तेवढं मला कळतं. म्हणून म्हटलं, लिहावं. कागदाला घाई नसते.

दमले आहे, हे फोनवर कधी सांगत नाही, ते इथे सांगते. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत आता आम्ही दोघीच उरलो. तिसरी ती काजवाली, ती लेकाकडे राहायला गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही, तिच्या वाटणीचं फाटकं मात्र रोज येतं. धुलाईतून चादरी येतात त्या इतक्या विरलेल्या की टाका घालावा तर टाक्याच्या शेजारी फाटतात. पेशंटच्या झग्यांच्या नाड्या, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी. त्या हिरव्या चादरींना मधोमध चौकोनी भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. काजवाली नवी होती तेव्हा तिनं एकदा ढीगभर चादरींची ती भोकं सुबक ठिगळं लावून बुजवली होती आणि सुपरवायझरसमोर शाबासकीच्या आशेनं उभी राहिली होती. ती होती तोवर निदान असलं हसायला तरी असायचं. आता मशीन सुरू झालं की दुपारच्या चहापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. सुईत दोरा ओवायचा म्हणजे खिडकीशी जाऊन उभं राहावं लागतं. निवृत्तीनंतरही कामावर ठेवून घेतलं म्हणून सगळे मला नशीबवान म्हणतात. असेनही. पण संध्याकाळी घरी आले की दार लावते आणि दाराशेजारच्या खुर्चीतच बसते. चप्पल काढायला वाकवत नाही. पूर्वी अशी भिंतीकडे बघत बसले की तशीच बसून राहायची. आता हात लांब करून टेप लावते.

हो, मीच. हसलीस ना? हसणारच. आपण दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो, आठवतं? बाहेरच्या खोलीत आपला भोंगू डोळे मिटून बसलेला असायचा. दिवसभर लिफ्टच्या त्या विहिरीसारख्या पोकळीत तारा आणि चाकं दुरुस्त करून यायचा, नखांतलं वंगण निघेपर्यंत हात घासायचा आणि मगच कॅसेटला हात लावायचा. तान्हा असताना कारखान्याच्या भोंग्यासारखा रडायचा म्हणून मी नाव ठेवलं भोंगू, आणि मोठेपणी पोरगं इतकं गप्प निघालं की गाणं सुरू असताना कुणी चमचा वाजवला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. तू नवी नवरी होतीस तेव्हा त्याच्याशेजारी बसून मान डोलवायचीस. मला वाटायचं, बाई जाणकार दिसते. आणि मग एकदा भाजी चिरता चिरता तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आई, खरं सांगू? मला हे सगळं एकसारखंच वाटतं." मी म्हटलं, "हळू बोल. मलाही." त्या दिवशी आपण तोंडात पदर कोंबून किती हसलो! सासू-सुनेची गट्टी जमायला आणखी काय लागतं?

तो गेला, आणि मग पुष्कळ दिवसांनी तूही नोकरीसाठी गेलीस. जाताना कॅसेटचे खोके माझ्या पलंगाखाली सरकवून ठेवलेस आणि म्हणालीस की मोठी जागा मिळाली की घेऊन जाईन, नीट सांभाळेन. मी हो म्हटलं. ते खोके तिथेच राहिले. केर काढताना झाडू त्यांना लागायचा आणि मी झाडू मागे घ्यायची, जणू कुणी झोपलंय तिथे. एकदा मात्र अंधारात पायाचं बोट आपटलं, असं कळवळले की सांगता सोय नाही. त्या रागाच्या भरात एक खोका ओढून बाहेर काढला. वर त्याच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कुठला राग, कुणाचं गाणं, एवढंच. मनात आलं, हा माणूस रोज डोळे मिटून कुठे जात होता ते तरी बघू. आपल्या दोघींना त्यानं तिथे कधी नेलं नाही, की आपणच गेलो नाही, कोण जाणे. मला वाटलं, यात कुठेतरी तो सापडेल.

पहिले काही दिवस कसला सापडतो! मी खुर्चीत झोपून जायची. जाग यायची ती टेप खट्‌कन बंद झाल्यावर. एवढं मात्र कळलं की हे गाणारे लोक मूळ गाण्याआधी बराच वेळ नुसती तयारी करतात. तंबोरे लावतात, घसा साफ करतात, तबलेवाला हातोडीनं ठोकत बसतो. तुला गंमत वाटेल, पण मला आधी आवडलं ते हेच. कुणीतरी खोली झाडून, सतरंजी अंथरून, उशा थोपटून ठेवत असल्यासारखं. माझ्यासाठी कुणी इतकी तयारी करून बसलंय, ही भावनाच मला नवी होती. तंबोरा लागला की माझे खांदे आपोआप खाली येतात. मगच मला कळतं की ते दिवसभर वर चढलेले होते.

मग एक बुवा भेटले. काय आवाज, बाई! जाड, खोल, आणि इतका दुःखी की वाटावं, या माणसानं आयुष्यात कधी पोटभर झोप घेतली नसेल. एकेक सूर असा ओढत न्यायचा, जसा मी जिन्यावरून सामान नेते. मला तो फार जवळचा वाटला. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसासाठी गावं तसं. रोज घरी आले की त्यांनाच लावायची. पुढे पुढे ते आणखीच खोल गेले, आणि एके दिवशी तर आवाज असा घरंगळला की टेपच थांबली. कोपऱ्यावर किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे ते आजोबा बसतात ना, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "पट्टा सैल झालाय. कधीपासून असं रडतंय हे?" मी म्हटलं, "रडत नाहीये, ते बुवा गातातच तसे." त्यांनी नवा पट्टा घातला, कॅसेट लावली, आणि आतून एक तरतरीत बाई गायला लागल्या. कोवळा, चपळ, लिंबाच्या फोडीसारखा आवाज! मी म्हटलं, "या कोण? माझे बुवा कुठे गेले?" आजोबांनी डोळ्यांवरचं भिंग काढलं आणि दुकानातली माणसं वळून बघतील इतके हसले. म्हणाले, "बुवा कुठले हो? या बाईच आहेत. तुम्ही त्यांना पेंगुळवलं होतं."

रस्ताभर मीही हसत आले. पण घरी येऊन त्या बाईंना लावलं, तर मला पहिल्यांदाच काहीतरी नीट ऐकू आलं. तीच वळणं, जी बुवा रडत रडत घ्यायचे, ती या हसत घेत होत्या. म्हणजे दुःख त्या गाण्यात नव्हतंच, माझ्या सैल पट्ट्यात होतं! तू म्हणशील, आई आता तत्त्वज्ञान सांगायला लागल्या. नाही ग. मला आपली त्या बुवांची अजून आठवण येते. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याची आठवण येणं म्हणजे काय ते मला विचार.

आता मी बरंच काही ओळखायला लागले आहे. नावं राहत नाहीत लक्षात, पण माणसं राहतात. एक सतारवाले आहेत, ते शेवटी शेवटी असे सुटतात की आमच्या शिवणखोलीतली सगळी मशीन्स एकदम चालू झाल्यासारखं वाटतं. मी त्यांना फार वेळ ऐकत नाही, घरी येऊनही कामावर असल्यासारखं होतं. एक जाड्या आवाजाच्या बाई आहेत, त्या एकच शब्द घेऊन अर्धी बाजू संपवतात. आधी मला राग यायचा. म्हटलं, बाई, पुढे चला, पुढच्या शब्दानं तुमचं काय घोडं मारलंय? मग एकदा कामावर एका मोठ्या चादरीची चुकीची शिवण उसवत बसले होते, एकेक टाका, धागा न तोडता, आणि लक्षात आलं की बाईही तेच करताहेत. त्या शब्दाची शिवण उसवून आत काय आहे ते बघताहेत. आता त्यांनी घाई केली तर मलाच चुकल्यासारखं वाटेल. तुला हे जमणार नाही, तू उठून जाशील. रागावू नकोस, उठून गेलीस तरी चालेल, हे मी पुढे सांगणारच आहे.

आणि मैफलींच्या कॅसेट्समध्ये एक गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल तर तुला सांगायलाच हवं. गाणारे नाहीत, ऐकणारे. गायक फिरून मुक्कामाला यायच्या जरा आधीच हे "वाहवा!" म्हणून मोकळे होतात. दर वेळी. बाकीचे लोक नंतर म्हणतात, यांचं आधीच झालेलं असतं. तुझ्यासारखेच घायकुते. मी त्यांचं नाव ठेवलंय आगाऊराव. आधी मला त्यांचा वैताग यायचा, मग सवय झाली, मग मी वाट बघायला लागले. एका कॅसेटमध्ये ते नव्हते. तीच जागा, तेच गायक, टाळ्याही तशाच, पण आगाऊराव नाहीत. संपूर्ण संध्याकाळ मला चैन पडलं नाही. आजारी असतील का, गावाला गेले असतील का. पुढच्या कॅसेटमध्ये पहिल्या पाच मिनिटांतच चुकीच्या जागी "वाहवा!" ऐकू आली, आणि मी खुर्चीतून मोठ्यानं म्हटलं, "आलात का? बसा."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आठवतात ना, जिन्यात भेटले की खिशात काहीतरी शोधायला लागणारे? मी रोज गाणं लावायला लागले तसं त्यांनी वरून काठी ठोकायला सुरुवात केली. मी आवाज कमी केला. पुन्हा ठोकलं. आणखी कमी केला. पुन्हा ठकठक. शेवटी मी बंदच केलं, तर थोड्या वेळात दारावर थाप. दार उघडते तो साहेब लाल चेहऱ्यानं उभे. म्हणाले, "बंद का केलंत? मघापासून सांगतोय, आवाज वाढवा म्हणून! ही तिकडे जमिनीकडे कान करून पडलीय." त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे हे ठाऊक होतं, पण आमचं येणं-जाणं कुठे होतं? आता मी आठवड्यातून एकदा वर जाऊन तिच्याशेजारी बसते. ती फार बोलू शकत नाही. तिला कोण आवडतं ते मात्र बरोबर सांगते, आणि आमचं एकमत कधीच होत नाही. पोस्टमास्तर तेवढे जाणकार निघाले. मारवा म्हणजे काय ते त्यांनीच मला सांगितलं.

तो मारवा मी आधी दोनदा लावून बंद केला होता. एक म्हातारे गायक आहेत, आवाज जरा फाटलेला. कानाला गोड वगैरे काही नाही. वाटायचं, कुणीतरी दाराशी आलंय, उभं आहे, चपलांचा आवाज येतोय, पण बेल वाजवत नाही आणि परतही जात नाही. पोस्टमास्तर म्हणाले, या रागात सा फार टाळतात. सा म्हणजे घर, आणि हा राग घराभोवती फिरत राहतो. मग मी पुन्हा लावला, आणि उठले नाही. फिरले बाई ते, किती फिरले! आणि मग एकदा, फक्त एकदाच, असे हळूच घरात येऊन टेकले की माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला कळलंच नाही. आणि वरून काठीही ठोकली गेली नाही. म्हणजे त्यांची बायकोही वर तशीच ऐकत पडली असणार.

आता जे लिहिणार आहे ते सावकाश वाच. त्यानंतर काही दिवसांनी मी केदार राग लावला होता. त्या लिंबाच्या फोडीसारख्या बाईंचाच. दोन्ही बाजू ऐकल्या, मधल्या एका जागेला हसूही आलं, मग चहा केला, कप धुतला, उद्याची साडी काढून ठेवली, उशी सरळ करायला पलंगावर बसले, आणि एकदम लक्षात आलं की कामावरून आल्यापासून मला भोंगूची आठवण एकदाही आली नव्हती. एकदाही! त्याच्याच कॅसेट, त्याच्याच हातची चिठ्ठी, आणि मी मजेत गाणं ऐकत होते. बाजारात मूल विसरून घरी आलेल्या बाईला कसं वाटेल, तसं मला वाटलं. त्याला शोधायला म्हणून मी त्या खोक्यांत शिरले होते. पण खरं सांगते, तो तिथे नव्हता. तिथे गाणं होतं, आणि ते मला आवडायला लागलं होतं. यात मी काही वाईट केलं का, कुणाला विचारावं तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी कामावर उशांचे अभ्रे शिवत होते आणि तो केदार आपसूक मनात घोळत होता. आणि तेवढ्यात भोंगू आला. म्हणजे आठवला. इतके दिवस मला तो आठवायचा तो एकाच सकाळचा : डबा घेऊन गेला, लिफ्टच्या यंत्रखोलीत छातीत कळ आली म्हणून बसला आणि उठलाच नाही, ती सकाळ. त्याच्या आधीचं सगळं त्या सकाळीनं गिळून टाकलं होतं. हा मात्र आधीचा भोंगू होता. टॉवेलला हात पुसत, आपल्या दोघींना दार लोटून हसताना पकडून विचारत होता, "काय चाललंय तुमचं?" मी त्याला बोलावलं नव्हतं. आपला आपण आला, जरा वेळ थांबला, गेला. तेव्हापासून मी संध्याकाळी त्याची आठवण काढत बसत नाही. यायचं तेव्हा तो येतो. मी सैल सोडलं म्हणून तो दूर गेला नाही, हे तुला सांगायचं होतं. तू अजून मूठ घट्ट आवळून बसली आहेस, असं मला वाटतं.

आणि ते खोके न्यायला तू येऊ नकोस. मोठी जागा शोधायचं ते एक कारण तरी डोक्यातून काढून टाक. तुला ते गाणं कधीच आवडलं नाही, आणि न आवडलेलं गाणं आयुष्यभर सांभाळायची शिक्षा कुणी कुणाला देऊ नये. ते खोके आता माझे आहेत. त्याची वस्तू म्हणून नाही, मला ऐकायला आवडतात म्हणून.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं, ते. गेल्या रविवारी दुपारी तुझ्या प्रयोगशाळेखाली चष्म्यांचं दुकान असलेले ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. तुला न सांगता आले होते, आणि मी त्यांना तिथेच सांगितलं की मी सूनबाईपासून काही लपवणार नाही. पहाटेची गाडी पकडून आलेले, हातात संत्र्यांची पिशवी, बूट दाराबाहेर काढावेत की आत या विचारात बराच वेळ उंबऱ्यावर. टेप चालू होती, मी बंद करायला गेले तर म्हणाले, "राहू द्या." बसले. हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे ऐकत राहिले, आणि अर्ध्या तासानं हळूच मला विचारलं, "सुरू झालं का?" मी इतकी हसले, इतकी हसले! आपण तोंडात पदर कोंबून हसलो होतो त्यानंतर किती दिवसांनी, ते आता तूच मोज. मग ते खाली बघत म्हणाले, "मी तिला लग्नाचं विचारलंय. ती म्हणते, आईंना विचारल्याशिवाय होकार देणार नाही. आणि आईंना विचारणार नाही, असंही तीच म्हणते. मग मी काय करायचं, ते विचारायला आलो." खोटं कशाला बोलू, मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. विरलेली चादर टरकन फाटावी तसं काहीतरी छातीत झालं. पाणी उकळून उकळून आटलं, पुन्हा टाकलं. बाहेर आले तेव्हा ते माझा चष्मा हातात घेऊन बसले होते, खिशातल्या एवढ्याशा पेचकसानं त्याचा ढिला स्क्रू घट्ट करत होते. माणूस सरळ आहे. पण तो कसा आहे ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. मी त्यांना होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहा दिला, आणि सांगितलं की मला विचारायला आलात हे चांगलं केलंत, पण उत्तर माझ्याकडे नाही. ते तुझ्याकडेच आहे, बाळ. तो माणूस तुला नको असेल तर नको म्हण. एकटीनंच राहावंसं वाटत असेल तर तसं सांग. मला त्यातलं काहीही चालेल. फक्त माझ्या नावावर नाही म्हणू नकोस.

काहीही ठरवलंस तरी तुझीच,
आई